दगडाबाईचा डोळा अन् चार खाती

“अहो, हंड्यांना कावून नमस्कार घालताय? त्या लायनीत एकबी माणूस न्हाई!”

“तू गप. मला दिसतंय.”

“काय दिसतंय?”

“माणसं दिसत्यात. म्हातारी माणसं. शिस्तीत बसल्यात. जन्मात पयल्यांदा या गावात काहीतरी शिस्तीत चाललंय, त्यात तू मोडता घालू नको.”

“शिस्तीत बसतील न्हाई तर काय नाचतील? हंडे हायेत ते, हंडे! पितळंचे, जर्मनचे, पिलाष्टिकचे!” वत्सलाबाई सोसायटीच्या गोडाऊनपुढं उभ्या राहून वरडल्या.

मोहनराव दोन पावलं म्होरं गेले. ज्या फेटेवाल्या म्हाताऱ्याला त्यांनी आत्ताच “बसा, बसा, उठू नका” म्हणलं व्हतं, त्याच्या टाळक्याला हात लावला. टाळकं थंडगार. टिचकी मारली. टण्ण वाजलं. फेटा म्हंजी हंड्यावर ठिवलेली चुंबळ.

दुसरा कुणी आसता तर लाजून घरी गेला आसता. मोहनरावांनी शर्टाची कॉलर नीट केली अन् म्हणले, “ठाऊक व्हतं मला. भाषणाची तालीम करीत व्हतो.”

मोहनराव म्हंजी साधं माणूस न्हाई. सोसायटीचे सचिव म्हणून रिटायर झालेले. घराला लोखंडी जाळी, खिशाला दोन पेन, अन् घरात बसले तरी इस्त्रीचा शर्ट. वय इचारलं तर “रिटायर झालो” एवढंच सांगायचे. म्हातारा म्हणलं की तीन दिवस बोलायचे न्हाईत.

आता हंड्यांना नमस्कार घालायची पाळी कशी आली, तर ही समदी भानगड सुरू झाली एका शेळीपासून.

मोहनरावांच्या शेजारी दगडाबाई राहती. चौसाळ्यापासून आत फाट्यावरनं वळलं की आमचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्याला जातंय. मागं राहत्यात म्हातारी, लेकरं अन् सोसायटीचे पुढारी. दगडाबाईचं पोरगं अन् सूनबी गेलते. जाताना चालायला शिकलेला सिदू म्हातारीच्या पदरात टाकून गेलते. लेकरू गुणाचं, पण पायाला चाकं. अन् म्हातारीच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू पिकून बसलेला. लेकरू कुठं हाय ते कळावं म्हणून तिनं त्याच्या कमरंला घुंगरू बांधलं. अक्कल चांगली व्हती. पण घुंगरू शेळीच्या गळ्यातबी व्हतं.

एक दिवस मोहनराव वट्यावर पेपर धरून बसलते. शेजारच्या अंगणात दगडाबाई मांडीपाशी वढून दूधभाकरीचा घास भरवीत व्हती. “खा माझ्या राज्या. आज लई शाण्यावानी खातंय गं लेकरू. तोंड तेवढं लांबलंय बाई. आईची आठवण येत आसंल.”

खात व्हती ती शेळी. मोहनरावांनाबी ते आधी कळलं न्हाई. वत्सलाबाई धुणं टाकून बोंबलत पळाल्या तवा कळलं. अन् खरा सिदू कुठं? हौदाच्या काठावर उभा, आत वाकून बघतोय. हौदात पाणी न्हवतं. दुष्काळानं आमच्या गावात पुण्य केलं आसंल तर ते हेच एक.

त्या दिवशी दगडाबाई पोराला छातीशी धरून जी बसली ती उठंना. “उंद्या हौद भरला म्हंजी?” एवढंच म्हणायची.

मोहनराव म्हणले, “बस. म्हातारीचा डोळा करून आणायचा.”

“मंग बुधवारी येष्टीत बसवा अन् बीडला न्या,” वत्सलाबाई म्हणल्या.

आता इथंच संपलं आसतं का न्हाई? सांगा बरं. पण मोहनराव पडले सचिव. म्हणले, “असं उठून जायला ती काय बाजाराला चाललीय? काम रीतसर झालं पायजे. सरकारनं म्हाताऱ्यांसाठी एवढी खाती उघडून ठिवल्यात, ती काय शोभंला?”

ते गेले दवाखान्यात. डॉक्टरीणबाई तरणी, भराभरा बोलणारी. म्हणली, “काका, गाडी पाठवते. पण एका पेशंटसाठी गाडी निघत नाही. गावात ज्येष्ठांची तपासणी लावा, जेवढे निघतील तेवढे नेऊ. फक्त तहसीलला विचारून घ्या.”

तहसीलचे भाऊसाहेब म्हणले, “ज्येष्ठ नागरिक एकत्र येणार असतील तर आमची निराधारांची पडताळणीपण तिथंच उरकू. मात्र समाजकल्याणवाले हवेत.”

समाजकल्याणचे म्हणले, “आमच्याकडं काठ्या अन् गुडघ्याचे पट्टे पडून आहेत. येतो की. पण एस.टी.वाले पाससाठी आले तर बरं, गर्दी होते.”

एस.टी.चे म्हणले, “दवाखान्यावाले नक्की येतात का? मागच्या वेळी आम्हीच एकटे येऊन बसलो होतो.”

लग्नात जसं आत्याला बोलावणं गेलं तर मावशी येती, अन् मावशी येणार आसंल तर आत्या येत न्हाई, तसली गत. त्यात वयाची अट खात्यागणिक वायली, म्हंजी म्हातारपणबी चार खात्यांची चार. दवाखान्यात जो म्हातारा, तो तहसीलात तरणा. तहसीलात म्हातारा झाला तरी येष्टीत अजून कवळाच. आमच्या गल्लीतला सटवा म्हातारा तर एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर गेला की पाच वर्सांनी लहान व्हायचा. लई खुशीत आसायचा.

शेवटी वारांचा घोळ. एकाचा सोमवार, एकाचा बुधवार, एकाचा बाजाराचा दिवस. हिंडून हिंडून मोहनरावांच्या चपला झिजल्या, तवा एक वार असा सापडला की ज्या वारी कुणालाच यायचं न्हवतं. तोच ठरला. भाऊसाहेब हात जोडून म्हणले, “मोहनराव, चार खाती एका दिवशी एका जागी आणणं आमच्या साहेबांनाही जमलं नाही. तुम्हीच आता समन्वयक.”

मोहनराव घरी आले ते छाती काढून. वत्सलाबाईंनी इचारलं, “समन्वयक म्हंजी काय आसतंय? पगार?”

“मान आसतोय.”

“मंग भाकरीबरुबर काय खायाचा?”

गोडाऊनची किल्ली सोसायटीच्या चेअरमनकडं. चेअरमन आसाराम. तो म्हणला, “किल्ली देतो. पण फलक लागंल. अन् फलकावर फोटू लागंल.” इलेक्शन जवळ आलतं ना. फलक आला तर गोडाऊनच्या दारापेक्षा मोठा, मंग आतल्या भिंतीला टांगला. त्याच्यावर हात जोडलेला आसाराम, अन् त्याच्या कोपराखाली एक म्हातारा, तोबी इंटरनेटवरनं काढलेला, गोरापान.

“अन् सायबांच्या चहाचं काय?” आसाराम म्हणला. “दूध हाय, साखर हाय. पाणी कुठाय?”

आता पाणी म्हणलं की इलियास. इलियास मूळचा बीडचा मेकॅनिक, पण मोटारी दुरुस्त करता करता टँकरवर चढला अन् उतरलाच न्हाई. एक दिसाआड आमच्या गावात टँकर आणून देवळापुढं उभा करायचा. मोहनरावांनी त्याला फोन केला. “उद्या आधी गोडाऊनपुढं ये. चहाला पाणी दे, मंग जा देवळाकडं.”

“फिकर नको काका. टायमात येतो.”

राती देवळाच्या भोंग्यावरनं मोहनरावांनी सोता पुकारलं. “उद्या सकाळी गोडाऊनपुढं ज्येष्ठ नागरिकांचं शिबिर हाय. तरी सर्वांनी लवकर येऊन आपापला नंबर लावावा.”

इथं मोहनराव फसले. आमच्या गावात नंबर लावणं म्हंजी काय? हंडा ठिवणं. टँकर सुरू झाल्यापसून रातीच हंडा लायनीत ठिवायचा अन् घरी जाऊन झोपायचं. हंडा म्हंजीच माणूस. आमच्याकडं भावाला शिवी दिली तर चालती, पण लायनीतला हंडा हलवला तर डोकी फुटत्यात. मंग म्हाताऱ्यांनी नंबर लावला, त्यात त्यांचं काय चुकलं? उलट लई कौतुकानं लावला. म्हाताऱ्या सुंदरबाईनं तर तिचा हंडा वाऱ्यानं पडू नये म्हणून आत दगडबी ठिवला.

तर ती ही लायन. मोहनराव तिला नमस्कार घालून, वत्सलाबाईंच्या शब्दांचा मार खाऊन घरी गेले. म्हणले, “हंडे तर हंडे. नंबर लागलेत, माणसं मागनं येतील.” शर्ट बदलला. पोहे खाल्ले. दगडाबाईला हाक मारून सांगितलं, “आज तुझा डोळा झाला म्हणून समज.” अन् परत गोडाऊनपाशी आले तर इलियास पायपाची गुंडाळी करीत उभा.

“घ्या काका! पूरा काम फत्ते. एक थेंब खाली पडू दिला न्हाई.”

मोहनरावांनी जवळ जाऊन बघितलं. लायनीतला एकूण एक हंडा गच्च भरलेला.

“आरं, चहाचं पाणी?”

“चहाचं?” इलियासनं टँकरच्या पोटावर थाप मारली. घुमला. “टाकी तर खाली झाली. मला वाटलं, आता लायन हितं लागती. लायन बघितली की आपला हात थांबत न्हाई काका, काय करणार!”

तेवढ्यात म्हातारी मंडळी आली. हंडे भरलेले बघून एकेकीच्या तोंडावर दिवाळी. “सरकार सुधारलं बाबा! म्हाताऱ्यांसाठी वायला टँकर धाडला!” सटवानं टँकरला हात जोडले. मंग दोघादोघांनी एकेक हंडा धरला, उचलीत टेकवीत घरी नेला, अन् मोहनराव “थांबा, थांबा” म्हणतायत तवर मैदान साफ. धुळीत गोल गोल खुणा तेवढ्या राहिल्या.

अन् त्याच टायमाला फाट्यावरनं चार गाड्या आल्या. एका मागं एक. आमच्या गावात चार खाती एका दिवशी येणं म्हंजी चार ग्रह एका रांगेत आल्यावानी. गोडाऊनात टेबलं लागली. आसाराम हार घेऊन पळत आला.

डॉक्टरीणबाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. “काका, लाभार्थी कुठं आहेत?”

मोहनरावांनी फलकाकडं बोट केलं. दुसरं कुणी न्हवतंच.

“पंधरा मिनिटं थांबते. नाहीतर गाडी पाली गावाला नेते. तिथं लोक वाट बघतायत.”

मोहनराव इस्त्रीच्या शर्टानं पळत सुटले. सुंदरबाई दारातच व्हती. “चल बाई, नंबर लावलाय तू!”

“झाला की माझा नंबर! मिळालं पाणी. आता दुसऱ्याला यिऊ द्या, आमी काय हावरट हाय का?”

सटवा म्हणला, “मोहनराव, लई उपकार झाले. आता आंघुळ करतो. पंधरा दिसांनी योग आलाय, त्यात डॉक्टर कशाला?”

दगडाबाई सिदूला खाटंच्या पायाला पदरानं बांधून बसली व्हती. “गाडी आली व्हय? आली तर मी निघते की.” पण ती एकटी जाऊन काय उपेग? एकीसाठी गाडी निघत न्हाई, हे तर पयल्याच दिवशी कळलतं. मोहनराव भर रस्त्यात उभे. घामानं कॉलर वली. नरड्यापर्यंत शिव्या आल्या, पण सचिवाला शिव्या देता येत न्हाईत, तोंडच वळत न्हाई.

तेवढ्यात त्यांना टँकर दिसला. धावत जाऊन ते इलियासच्या शेजारी चढले. “हॉर्न दे.”

“काका, टाकी खाली हाय. लोकं मारतील मला.”

“मला मारतील. तू हॉर्न दे!”

इलियासनं हॉर्न दिला. गावात भूकंप झाला तरी कुणी उठणार न्हाई, पण टँकरच्या हॉर्नला मेलेलं माणूस उठून बसंल. दारं धाडधाड उघडली. कमरंत वाकलेली सरळ झाली. सुंदरबाईनं हंड्यातलं पाणी पातेल्यात वतलं अन् मोकळा हंडा घेऊन ती सगळ्याच्या म्होरं. सटवा अंगाला साबण तसाच, टावेलवर. पळत आले बाबा, शर्यतीतल्या बैलावानी, धुरळा उडवीत.

समाजकल्याणच्या सायबांनी ती पळापळ बघितली, हातातल्या काठ्यांचा गठ्ठा बघितला, अन् हळूच जीपमधी परत ठिवायला घेतला.

समदी गोडाऊनात शिरली तशी डॉक्टरीणबाईनं शटर खाली वढलं. खाडकन्. पोरगी हुशार.

“पाणी कुठाय?” सुंदरबाईनं इचारलं.

मोहनराव खताच्या गोण्यावर चढले. रातभर पाठ केलेलं भाषण व्हतं, ‘वंदनीय ज्येष्ठ बंधू-भगिनींनो’ म्हणून. ते समदं इसरले. म्हणले, “पाणी न्हाई. मी फशिवलं तुमाला.”

मंग जे झालं ते सांगण्यासारखं न्हाई. म्हाताऱ्या बायांच्या शिव्या म्हंजी निजामाच्या काळापसून जपून ठिवलेल्या. एक हंडा मोहनरावांच्या कानाजवळनं जाऊन आसारामच्या फलकाला लागला, बरुबर नाकावर. इलियास टँकरच्या खाली शिरला अन् कायबी बिघडलेलं नसताना पाना फिरवीत बसला. पण शटर बंद. जायचं कुठं? बसली शेवटी. युरियाच्या वासानं शिंकत शिंकत चारी टेबलं फिरली. सटवाला तर पास, पट्टा अन् चष्मा तिन्ही मिळालं. टावेलवरच.

सगळ्यात शेवटी वत्सलाबाईंच्या मागं मागं दगडाबाई टेबलापाशी आली, कडंवर सिदूला घेऊन. डॉक्टरीणबाईनं बॅटरी मारली. “आजी, दोन्ही पिकलेत. आत्ता गाडीत बसा. एक डोळा उद्याच करू. आणखी थांबलात तर हातचे जातील.”

दगडाबाई उठली. मंग परत बसली. “अन् लेकरू?”

डॉक्टरीणबाईनं बॅटरी खिशात घातली.

“लहान मूल वॉर्डात नाही चालत आजी. सोबत एक बाई चालेल.”

समाजकल्याणचे म्हणले, “आमची योजना ज्येष्ठांची आहे. मूल त्यात बसत नाही.” भाऊसाहेब म्हणले, “बालकांचं खातं वेगळं.” येष्टीचे म्हणले, “मुलाला तिकीट नाही आमच्याकडं,” अन् तेवढं बोलून त्यांना लई मदत केल्यावानी वाटलं. चार खाती, आठ खुर्च्या, एवढी टेबलं. पण एक लेकरू चार दिस धरायला हात एकाचाबी मोकळा न्हाई.

“मंग न्हाई येत मी,” दगडाबाई म्हणली. “आंधळी का आसंना, माझ्या हाताखाली हाय ते. ज्यांनी माझ्या भरवशावर टाकलंय, त्यांना मी काय सांगू?” अन् पोराला घट्ट धरून ती शटरकडं चालायला लागली. वाटंत खताच्या गोण्या. अडखळली, पण पोराला सोडलं न्हाई.

डॉक्टरीणबाईनं घड्याळ बघितलं.

“थांबा,” वत्सलाबाई म्हणल्या. त्यांनी पदर खोचला. “मी जाते हिच्यासंगं. अन् लेकरू हे सांभाळत्यात.”

“हे कोण?” भाऊसाहेबांनी इचारलं.

“समन्वयक.”

समद्या गोडाऊननं मोहनरावांकडं बघितलं. मोहनरावांनी शर्टाकडं बघितलं. पांढरा व्हता, इस्त्रीचा. मंग त्यांनी हात म्होरं केले. सिदू गेला त्यांच्याकडं अन् गेल्या गेल्या खिशातला पेन काढून तोंडात घातला.

जाता जाता डॉक्टरीणबाईनं मोहनरावांच्याबी डोळ्यात बॅटरी मारली. “काका, तुमचाही पिकलाय.”

“मी लाभार्थी न्हाई.”

“ते मोतीबिंदूला कुठं माहीत आहे?” म्हणली, अन् गाडी सुटली.

मंग चार दिस मोहनरावांच्या घरात जे झालं, त्याला समन्वय म्हणत्यात का न्हाई ठाऊक न्हाई. लेकरू रडलं की शेळी वरडायची, शेळी वरडली की दूध उतू जायचं. गाव सल्ला द्यायला मोकळंच. सुंदरबाई म्हणली, पोटाला हिंग लावा. सटवा म्हणला, हिंग नको, ववा. मोहनरावांनी दोन्ही लावलं, तवा लेकराचा वास सांबारावानी यायला लागला. आसारामनं येऊन लेकरासंगं फोटू काढला, लेकरू हातात न घेता. पयल्या राती सिदू आईआई करून रडला, अन् मोहनराव त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फिरले. भाषण म्हणून दाखवलं. तेच, वंदनीय बंधू-भगिनींनो. झोपलं पोरगं. ते भाषण तेवढ्या एकाच कामाला आलं.

अन् मंग दगडाबाई आली. डोळ्याला काळा चष्मा, वत्सलाबाईंचा हात धरून. वाकायचं न्हाई, वजन उचलायचं न्हाई, अशी सक्त ताकीद. खाटंवर बसली. मोहनरावांनी सिदूला तिच्यापुढं उभा केला.

म्हातारीनं चष्मा वर केला. लई येळ बघितलं. मंग म्हणली, “आगं बया. नाक त्याच्या आज्याचं हाय. मेल्यांनो, सांगितलं का न्हाई कुणी मला? अन् दात? दात कवा आले याला?”

सिदूनं काळा चष्मा बघितला अन् भोकाड पसरून मोहनरावांच्या पायाला मिठी मारली. म्हातारी रडत व्हती का हासत व्हती, ते काय कळंना. वत्सलाबाई म्हणल्या, डोळ्याला पाणी लावायचं न्हाई म्हणून सांगितलंय ना. तर म्हणली, “हे आतलं हाय.”

तेवढ्यात मोहनरावांचा फोन वाजला. भाऊसाहेब. “मोहनराव, अभिनंदन! साहेब खूश आहेत. बीडला बैठक आहे, सगळे अधिकारी येणार. चार खात्यांचा समन्वय कसा साधला, यावर तुम्ही दोन शब्द बोलायचेत. शाल-श्रीफळ आहे.”

जल्मभर याच फोनची वाट बघितली व्हती हो मोहनरावांनी. ते सरळ उभे राहिले. खाकरले. एका हातानं कॉलर नीट करायला गेले तर कॉलरवर वरण वाळलेलं.

“सायेब, समन्वय म्हंजी काय आसतंय, तर एका खात्याचा हात दुसऱ्या खात्याच्या—”

“मोहनराव!” खाटंवरनं दगडाबाईची आरोळी. “लेकरू सडकंकडं निघालं! आवो, त्या बाजूनं न्हाई, लिंबाच्या पल्याडनं! मला हितनं दिसतंय की, तुमाला कसं दिसंना? पळा!”

“सायेब, ठिवतो. मला आता जायला पायजे.”